मशीन राजकोटचं, पैसे नागपूरचे. केस कुठे टाकायची?

बर्फीवाला_इतवारी

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

नागपूरच्या इतवारीत आमचा संत्रा बर्फीचा छोटा धंदा आहे. दुकान म्हणावं असं काही नाही. घराच्या खालच्या खोलीत मी, बायको, आई आणि मदतीला एक पोरगा. वड्या हाताने गुंडाळता गुंडाळता बोटं रहात नाहीत, म्हणून गेल्या दिवाळीआधी गुंडाळायचं मशीन घ्यायचं ठरवलं. राजकोटच्या एका कंपनीची वेबसाइट सापडली (नाव लिहीत नाही). तिथेच ऑर्डर टाकली, व्हॉट्सॲपवर चार दिवस भाव चालला, १ लाख ८५ हजाराला जमलं. पैसे दोन हप्त्यांत एनईएफटीने पाठवले.

मशीन आलं. पहिल्या दिवसापासून कागद एकतर जळतो, नाहीतर शिवण उघडी राहते. कंपनीचा माणूस व्हिडिओ कॉलवर म्हणाला, तुमच्या गावचं व्होल्टेज खराब. व्होल्टेज तपासून घेतलं, ठीक निघालं. तेव्हापासून फोन उचलत नाहीत.

ओळखीच्या एका वकिलाला दाखवलं तर त्याने बिल उलटं केलं आणि खालच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं. ‘फक्त राजकोट न्यायालयाच्या अधीन.’ म्हणे जा आता राजकोटला. प्रत्येक तारखेला जाऊन-येऊन तीन-चार दिवस मोडणार, बर्फी कोण थापेल?

माझा प्रश्न साधा आहे. ऑर्डर मी इतवारीत बसून टाकली, त्यांनी राजकोटात बसून वाचली, मधलं सगळं इंटरनेटवर. मग सौदा झाला कुठे?

मेडिकलचौक

भाऊ, इंटरनेटवर झालं ना सगळं? मंग इंटरनेटचं कोर्ट पाह्य ना कुठी हाय ते.

मजाक करून राहिलो, राग नको मानू. पण प्रश्न जबरी हाय. मी बी बसतो इथंच, वाचत.

कोडकरी

माझ्या समजुतीप्रमाणे सर्व्हर जिथे आहे तिथे व्यवहार झाला. त्यांची साइट कुठल्या क्लाउडवर आहे ते काढता येईल. आम्हा मिहानच्या आयटीवाल्यांना दोन मिनिटांचं काम आहे. पण ती सिंगापूरला निघाली तर बर्फीवाले भाऊ पासपोर्ट काढा.

जुना_काळाकोट

सर्व्हरचा शोध राहू द्या. हा युक्तिवाद ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च पातळीवर होऊन गेला आहे. २००२ चा डाऊ जोन्स विरुद्ध गटनिक. मेलबर्नच्या एका उद्योजकाबद्दल अमेरिकन नियतकालिकाच्या ऑनलाइन आवृत्तीत बदनामीकारक मजकूर आला. कंपनी म्हणाली, आमचा सर्व्हर न्यू जर्सीत, प्रकाशन तिथेच झालं. कोर्ट म्हणालं, मजकूर मेलबर्नमध्ये डाउनलोड करून वाचला गेला, माणसाची अब्रू तिथे, तर दावाही तिथे चालेल. सर्व्हर ही कंपनीच्या सोयीची जागा. उद्या तो हलवला तर कोर्टही मागे मागे हलणार का?

आपल्याकडे सुरुवात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० पासून होते. संहिता १९०८ ची आहे, तिला इंटरनेट ठाऊक नाही आणि त्यामुळे तिचं काही अडलेलं नाही. ती इतकंच विचारते: प्रतिवादी राहतो कुठे किंवा धंदा कुठे करतो, आणि वादकारण, म्हणजे ज्या घटनांवरून दावा उभा राहतो त्या, पूर्ण किंवा अंशतः कुठे घडलं. ‘अंशतः’ या शब्दावर वकिलांच्या तीन पिढ्या जगल्या. करार जिथे झाला, पैसे जिथे द्यायचे होते, माल जिथे पोचायचा होता, यातला प्रत्येक तुकडा अंश ठरू शकतो.

आता सौदा कुठे झाला? बर्फीवाले भाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आपल्या विदर्भातूनच गेलेलं आहे, खामगावहून. संध्याकाळी सविस्तर लिहितो, आत्ता कोर्टात माझी केस पुकारणार आहेत.

ढेपवाला_खामगाव

खामगावचं नाव काढून पळू नका साहेब. वाट पाहून राहिलो.

डबेवाली_धरमपेठ

मला पण उत्तर हवंय. माझ्या मेसबद्दल बेंगळुरूच्या एका पोराने रील टाकली की डब्यात अळी निघाली. तो माझ्याकडे जेवलाच नाही! त्याची बहीण इथे शिकायची, तीसुद्धा दोनच महिने होती. रील नागपुरात फिरली आणि हॉस्टेलच्या पोरींनी डबे बंद केले. मी कुठे जायचं, बेंगळुरूला?

जुना_काळाकोट

आलो. चहा घेऊन बसा, लांब आहे.

२२ जुलै १९५९. अहमदाबादच्या एका पेढीने खामगावच्या केडिया जिनिंग फॅक्टरी ऑइल मिलला ट्रंक कॉल लावला. सौदा सरकीच्या ढेपेचा. अहमदाबादवाल्यांनी भाव देऊ केला, खामगावच्या माणसाने फोनवरच होकार दिला. माल गेला नाही असं म्हणत पेढीने अहमदाबादच्या सिटी सिव्हिल कोर्टात ३१,१५० रुपयांचा दावा लावला. मिलवाले म्हणाले, आम्ही ‘हो’ म्हटलं ते खामगावात, माल द्यायचा तो खामगावात, अहमदाबादच्या कोर्टाचा संबंध काय?

गंमत अशी की तेव्हा अहमदाबाद आणि खामगाव एकाच द्वैभाषिक मुंबई राज्यात होते. निकाल येईपर्यंत राज्यं दोन झाली, पण भांडण तेच राहिलं.

टपालाचा नियम जुना आणि पक्का होता: स्वीकृतीचं पत्र पेटीत पडलं की प्रस्ताव मांडणारा बांधला गेला, म्हणून करार पत्र टाकल्याच्या गावी. प्रश्न होता की टेलिफोन हा टपालाचा भाऊ की समोरासमोरच्या बोलण्याचा? सर्वोच्च न्यायालयात न्या. जे. सी. शहा यांनी बहुमताचा निकाल लिहिला: फोनवर दोघं जणू समोरासमोर बोलतात, तेव्हा स्वीकृती जिथे ऐकू आली तिथे करार पुरा झाला. होकार अहमदाबादेत ऐकू आला, म्हणून अहमदाबादचं कोर्ट बरोबर.

पण एक न्यायाधीश वेगळं बोलले, आणि ते आपले. न्या. हिदायतुल्ला. मॉरिस कॉलेजात शिकलेले, नागपूर उच्च न्यायालयाचे शेवटचे मुख्य न्यायमूर्ती, पुढे देशाचे सरन्यायाधीश आणि उपराष्ट्रपती. त्यांचं म्हणणं असं की १८७२ च्या करार कायद्याचं कलम ४ स्पष्ट लिहितं: स्वीकृती देणाऱ्याच्या हातातून ती सुटली की प्रस्ताव मांडणाऱ्यापुरता विषय संपला. शब्द खामगावच्या माणसाच्या तोंडून तारेत गेला की त्याच्या ताब्यात उरला नाही. म्हणजे करार खामगावात. यंत्र नवं आलं म्हणून कायद्याचे शब्द वाकवू नका.

मला विचाराल तर कलमाच्या भाषेला धरून हिदायतुल्ला बरोबर होते आणि व्यवहाराला धरून शहा. गेली ३० वर्षं मी हे दोन्ही बाजूंनी वापरलंय, अशील कोण यावर अवलंबून.

आता मांडणी इंटरनेटवर आणा. वेबसाइटवरचा भाव हा प्रस्ताव नसतो, ते नुसतं आमंत्रण, दुकानाच्या काचेतल्या पाटीसारखं. ऑर्डर टाकली हा तुमचा प्रस्ताव. ‘ऑर्डर कन्फर्म’ ही त्यांची स्वीकृती. ती पोचली कुठे? तुमच्याकडे. आणि इथे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम १३ मदतीला येतं: वेगळं ठरलेलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक संदेश पाठवणाऱ्याच्या धंद्याच्या जागेवरून निघाला आणि घेणाऱ्याच्या धंद्याच्या जागेवर पोचला असं मानायचं. त्या क्षणी तुम्ही सेवाग्राम एक्स्प्रेसमध्ये बडनेऱ्याला असलात तरी संदेश इतवारीतच पोचला. २००५ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने पी. आर. ट्रान्सपोर्ट एजन्सीच्या प्रकरणात ई-मेलवरून आलेल्या स्वीकृतीला हाच हिशोब लावला होता.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: सौदा तुमच्या खालच्या खोलीत झाला असं म्हणायला भक्कम जागा आहे. पण एवढ्याने केस नागपूरला टिकेलच असं नाही. त्या बारीक ओळीचं दुखणं वेगळं आहे.

ढेपवाला_खामगाव

वा! आमच्या ढेपेने देशाला कायदा दिला आणि गावात कोणाले माहीत नाही. पण साहेब, पुढं काय झालं? खामगाववाले हरले का?

जुना_काळाकोट

तेव्हा ठरलं ते एवढंच की भांडायचं अहमदाबादला. १९५९ चा फोन आणि निकाल ऑगस्ट १९६५. अहवालात १९६६ साली छापला म्हणून आम्ही त्याला ६६ चा म्हणतो. सहा वर्षं नुसती ‘कुठे’ ठरवण्यात गेली. ढेप कधीच कोणाच्या गायीने खाल्ली असेल.

मेडिकलचौक

म्हणजे बर्फीवाल्या भाऊचं मशीन २०३१ मधी चालू होईन.

बर्फीवाला_इतवारी

खूप आभार साहेब. पण ती ओळ? आणि खरं सांगायचं तर ऑर्डर टाकताना चौकोनात टिक मारायची होती, ‘मला अटी मान्य आहेत’. मी न वाचता मारली. कोण वाचतं?

जुना_काळाकोट

कोणी वाचत नाही, पण कायदा वाचल्यासारखं धरतो.

नियम असा. ज्या कोर्टाला मुळात अधिकारच नाही, त्याला दोन पक्षांनी मिळून अधिकार देता येत नाही. पण दोन-तीन कोर्टांना अधिकार असेल तर त्यातलं एक निवडून बाकीची सोडता येतात. हे हाकम सिंग विरुद्ध गॅमन, १९७१ पासून चालत आलंय. पूर्वी आम्ही भांडायचो की कलमात ‘फक्त’ किंवा ‘केवळ’ शब्द नाही, म्हणून दुसरं कोर्ट उघडं आहे. २०१३ मध्ये स्वस्तिक गॅसेसच्या निकालाने तीही फट बुजवली: शब्द नसला तरी हेतू दिसला तर पुरे. तुमच्या ओळीत तर ‘फक्त’ आहेच.

बिलावर नंतर छापून आलेली ओळ करारात मुळात होती का, यावर झगडता आलं असतं. टिक मारल्यामुळे ते अवघड झालं. राजकोटला कंपनीचं मुख्य ऑफिस, म्हणजे तिथल्या कोर्टाला अधिकार आहेच. दिवाणी कोर्टात गेलात तर तुमचा दावा योग्य कोर्टात नेण्यासाठी परत दिला जाण्याची शक्यता मोठी.

ग्राहकराजा

वकीलसाहेब, तुम्ही दिवाणीच्याच पायऱ्या चढताय. ग्राहक आयोग विसरलात का? ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ३४: तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटापाण्यासाठी काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. १९८६ च्या जुन्या कायद्यात हे नव्हतं, तेव्हा विक्रेत्याच्या गावी किंवा वादकारणाच्या गावीच जावं लागायचं. २० जुलै २०२० पासून चित्र बदललं. आणि ‘खरेदी’मध्ये ऑनलाइन व्यवहारही येतो, हे व्याख्येतच लिहिलंय.

माझ्या वहिनीने दिल्लीच्या साइटवरून मागवलेल्या मिक्सरची तक्रार नागपुरात चालली. समोरच्यांनी त्यांच्या अटीतलं दिल्ली दाखवलं, पण कायद्यानेच ग्राहकाला दिलेली जागा अशी बारीक अक्षरात काढून घेता येत नाही. कलम १०० म्हणतं की हा उपाय बाकीच्या कायद्यांच्या जोडीला आहे.

शुल्क? पाच लाखांपर्यंत शून्य. अर्ज घरबसल्या ई-जागृती पोर्टलवर. दोन वर्षांच्या आत टाका म्हणजे झालं.

जुना_काळाकोट

विसरलो नव्हतो, तिथेच येत होतो, पण तुमच्या वहिनीचा मिक्सर आणि यांचं मशीन एक नाही. मिक्सर घरात चटणीला. मशीन धंद्यात. ‘व्यापारी हेतू’ने घेतलेली वस्तू असेल तर तुम्ही ग्राहकच नाही, मग कलम ३४ चं दार बंद.

ग्राहकराजा

आणि त्याला अपवाद आहे, स्वयंरोजगाराचा! तुमच्यासारखे वकील समोरच्याकडून उभे राहिले की तो अपवाद विसरतात.

जुना_काळाकोट

पूर्वीचे व्यवसायबंधू बोलले वाटतं. बरं, अपवाद मान्य. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारातून, स्वतः वापरायला घेतलेली वस्तू व्यापारी धरत नाहीत. १९९५ चा लक्ष्मी इंजिनिअरिंगचा निकाल वाचा. स्वतःची रिक्षा स्वतः चालवून पोट भरणारा ग्राहक, एक-दोन माणसं मदतीला घेतली तरी ग्राहक. पण त्याच निकालात खुद्द लक्ष्मी इंजिनिअरिंग हरली, कारण त्यांचं यंत्र मोठ्या उत्पादनासाठी होतं. किंमत एकटीने काही ठरवत नाही. यंत्र कोण चालवतं आणि घराची चूल कशावर पेटते, हे पाहतात.

बर्फीवाले भाऊ, म्हणून विचारतो. मशीनवर बसतं कोण? दुसरं उत्पन्न आहे का?

बर्फीवाला_इतवारी

बायको बसते, कधी मी. पोरगा फक्त कागदाचा रोल बदलतो. दुसरं उत्पन्न काही नाही साहेब, आईची पेन्शन सोडून.

ग्राहकराजा

झालं तर. हे सगळं तक्रारीच्या दुसऱ्याच परिच्छेदात यायला हवं, स्पष्ट शब्दांत, शपथपत्रासकट. खूप जण ‘मी व्यावसायिक आहे’ असं ऐटीत लिहितात आणि तिथेच अडकतात.

डबेवाली_धरमपेठ

माझं राहिलं.

जुना_काळाकोट

ताई, तुमचं सोपं आहे आणि अवघडही.

सोपं असं की बदनामीच्या दाव्याला दिवाणी संहितेचं कलम १९ लागतं: इजा जिथे झाली तिथे किंवा प्रतिवादी राहतो तिथे, निवड तुमची. कलमाखालीच उदाहरण दिलंय: दिल्लीत राहणाऱ्याने कलकत्त्यात बदनामी प्रसिद्ध केली, तर दावा दोन्हीकडे चालेल. बदनामीत ‘प्रसिद्ध करणे’ म्हणजे तिसऱ्या माणसापर्यंत पोचवणे. रील बेंगळुरूत चढवली, पण हॉस्टेलच्या पोरींनी पाहिली धरमपेठेत आणि डबे बंद झाले तेही धरमपेठेत. नागपूर चालेल. किती जणींनी रील पाहून डबा सोडला, त्यांची नावं आणि निरोप आजच जपून ठेवा. रीलचा स्क्रीनशॉट तारखेसकट.

अवघड भाग अधिकारक्षेत्राचा नाहीच. डब्यात अळी खरंच निघाली होती असं त्याने सिद्ध केलं, तर नागपूरचं कोर्ट मिळूनही हाती काही लागणार नाही.

मुंबईकर_पोटापुरता

मी स्वतः खाण्यावर लिहितो, त्यामुळे हे वाचून अंगावर काटा आला. म्हणजे मी ठाण्यात बसून एखाद्या हॉटेलला वाईट म्हटलं, तर गडचिरोलीपासून गुवाहाटीपर्यंत जिथे कोणी वाचेल तिथे माझ्यावर केस? मग लिहायचं तरी कोणी?

डबेवाली_धरमपेठ

न जेवता लिहू नका, एवढं केलं तरी पुष्कळ.

जुना_काळाकोट

ताईंचा टोला सोडा, पण भीती खोटी नाही. म्हणूनच ‘साइट इथे उघडते’ एवढ्यावर कोर्टांनी समाधान मानणं हळूहळू सोडलं. दिल्ली उच्च न्यायालयाचा प्रवास बघा. २००३ मध्ये कॅसिओच्या प्रकरणात म्हटलं, साइट दिल्लीत उघडते, पुरे. २००७ मध्ये इंडिया टीव्हीच्या प्रकरणात म्हटलं, नुसतं उघडणं पुरेसं नाही. २००९ मध्ये बनियन ट्री. त्यात वादी सिंगापूरचा, प्रतिवादी हैदराबादचे आणि दावा दिल्लीत! द्विसदस्य पीठाने सांगितलं की कॅसिओ चुकीचं. प्रतिवादीने त्या गावच्या गिऱ्हाइकाला मुद्दाम लक्ष्य करून व्यवहार केला आणि त्यातून तिथे नुकसान झालं, हे दाखवा. नुसती केस उभी करायला आपल्याच माणसाकडून एक ऑर्डर टाकवून घेतली तर तो सापळा, तो चालणार नाही.

हे ट्रेडमार्कचं प्रकरण, आणि दिल्लीचा निकाल आपल्या नागपूर खंडपीठावर बंधनकारक नाही. पण इथे सिव्हिल लाइन्सच्या हायकोर्टात त्याचं वजन पडतं, मी पाहिलंय. तुमच्यावर लावून बघा: गडचिरोलीत त्या हॉटेलची काही पतच नसेल, तर तिथे इजा कसली झाली? गटनिकसुद्धा मेलबर्नमधल्या अब्रूपुरताच मागत होता.

आणि फौजदारी तक्रार झाली तर आरोपी दंडाधिकाऱ्याच्या हद्दीबाहेर राहत असेल तेव्हा समन्स काढण्याआधी चौकशी करावी लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम २२५. दूरच्या गावाहून उगाच पळवायला केलेल्या तक्रारी गाळायला ती चाळणी आहे. भोकं मोठी आहेत, तो भाग वेगळा.

मुंबईकर_पोटापुरता

चाळणीतून गेलेला माणूस नागपूरच्या मे महिन्यात तारखेला उभा राहील, हे लक्षात असू द्या.

सावजी_मसाला_घरचा

ट्रेडमार्क म्हटलं म्हणून आलो. आमच्या मसाल्याच्या नावाने इंदूरचा एक जण ऑनलाइन पाकिटं विकतो. नागपुरात केस होईल का?

जुना_काळाकोट

नाव नोंदवलंय का? नोंदवलेलं असेल तर ट्रेडमार्क कायदा १९९९ चं कलम १३४ तुम्हालाच तुमच्या धंद्याच्या गावी दावा लावू देतं. नोंद नसेल तर तुमचा मुद्दा ‘आमचं म्हणून खपवतो’ एवढाच उरतो, मग पुन्हा कलम २० आणि बनियन ट्रीचा सगळा जाच: त्याने नागपूरच्या खऱ्या गिऱ्हाइकांना पाकिटं विकली का, त्याच्या पावत्या. सोय आहे म्हणून दूरच्या शाखेच्या गावी समोरच्याला ओढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये संजय दालियाच्या प्रकरणात सांगून ठेवलंय. तुमचं सगळं नागपुरातच, त्यामुळे तुम्हाला ती अडचण नाही.

नोंदणी करा हो. फी वकिलापेक्षा स्वस्त पडते.

निवृत्त_हेडक्लार्क

विषयाला थोडं सोडून. भावाच्या खात्यातून ऑनलाइन फसवणुकीत ४० हजार गेले. एका ठाण्यात म्हणाले की पैसे परराज्यातल्या खात्यात गेले, आमची हद्द नाही.

ग्राहकराजा

काका, आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, फोन, आत्ता. जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते (शून्य एफआयआर, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३). आणि त्याच संहितेच्या कलम २०२ प्रमाणे फसवणुकीचा निरोप जिथून निघाला किंवा जिथे मिळाला, दोन्हीकडे खटला चालतो. निरोप नागपुरात मिळाला ना? मग हद्द आपलीच. कलमांचे आकडे कागदावर लिहून न्या, फरक पडतो.

कोडकरी

एक शंका. समजा बेंगळुरूऐवजी तो रीलवाला दुबईत असता तर?

जुना_काळाकोट

दावा नागपुरात लागला असता, निकालही मिळाला असता. मग प्रश्न आला असता वसुलीचा. संयुक्त अरब अमिरातीला भारताने २०२० मध्ये दिवाणी संहितेच्या कलम ४४अ खाली अधिसूचित केलं, म्हणजे तिथल्या कोर्टाचे हुकूमनामे इथे थेट बजावता येतात. आपले तिथे चालवायला तिथल्या कायद्याप्रमाणे जावं लागेल. अमेरिका त्या यादीत नाहीच. म्हणून परदेशातल्या माणसाविरुद्ध मी अशिलाला पहिला प्रश्न विचारतो: त्याचं भारतात काही आहे का? फ्लॅट, खातं, काहीही. नसेल तर रील काढून घेण्याच्या आदेशावर भर देतो. प्लॅटफॉर्मचं इथे ऑफिस असतं.

बर्फीवाले भाऊ, एक राहून गेलं. बिलावरच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे बघा. २४ असेल तर गुजरात, २७ असेल तर महाराष्ट्र. २७ निघाले तर बिलावरचा पत्ता सांगा. नागपूरची शाखा निघाली आणि व्यवहार त्या शाखेतून झालेला असेल, तर सगळी बाजी पलटते. १९९१ च्या पटेल रोडवेजच्या निकालात तामिळनाडूतल्या बोडिनायकनूरच्या शाखेत वेलदोड्याची पोती दिली होती आणि पावतीवर ‘फक्त मुंबई’ छापलं होतं. कोर्ट म्हणालं, जिथे शाखा आहे आणि वादकारणही तिथेच घडलंय, तिथे कंपनीचं ठिकाण ती शाखा, मुख्य ऑफिस नव्हे. मग मुंबईला मुळात अधिकारच नाही, आणि नसलेला अधिकार छापून येत नाही.

बर्फीवाला_इतवारी

पळत जाऊन बिल आणलं. २७ आहे!!

मेडिकलचौक

फटाके आणू का?

बर्फीवाला_इतवारी

थांबा. पत्ता भिवंडीच्या गोदामाचा आहे.

मेडिकलचौक

राजकोट बी नाई, नागपूर बी नाई, मधातच लटकलं. अशानंच माणूस हार्टअटॅकनं जाते.

जुना_काळाकोट

हरकत नाही, मग ग्राहकराजांचा रस्ता. मी हरलो असं लिहून घ्या, वर्षातून एकदा होतं.

बर्फीवाला_इतवारी

*(सुमारे तीन महिन्यांनी)*

धागा वर काढतोय. इथे सांगितल्याप्रमाणे तक्रार पोर्टलवर भरली. मशीनवर बायको बसते तो फोटो, आमचं रेशनकार्ड, व्हॉट्सॲपचं सगळं बोलणं, व्होल्टेज तपासलेली पावती, सगळं जोडलं. दाखल झाली, कंपनीला नोटीस गेली.

कंपनीचं उत्तर ४४ व्या दिवशी आलं. पहिलाच परिच्छेद: ‘या आयोगाला अधिकारक्षेत्र नाही, अटींनुसार फक्त राजकोट.’ दुसरा: ‘तक्रारदार ग्राहक नसून व्यापारी आहे.’ व्होल्टेजचं नाव अकराव्या परिच्छेदात.

जुना_काळाकोट

४४ व्या दिवशी! ३० अधिक १५ असे ४५ दिवस मिळतात, त्यापुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये सांगितलंय. त्यांचा वकील मोजून चालणारा दिसतो. व्यापारी असल्याच्या मुद्द्यावर तयारी करा, राजकोटची फार काळजी नको. आणि ते येण्याजाण्याची तक्रार करू लागले तर त्यांना सांगा, दृक्‌श्राव्य माध्यमातून हजर राहण्यासाठी अर्ज करता येतो. कायद्यात सोय आहे.

ढेपवाला_खामगाव

भाऊ, केस चालत राहीन, बर्फी चालू हाय ना? पोळ्याले दोन किलो पाठवता का? फोनवर सांगू की साइट हाय?

बर्फीवाला_इतवारी

साइट नाही, फोनवरच घेतो. हाताने गुंडाळलेली मिळेल. आणि आता बिलं नवीन छापून घेतली आहेत, खाली बारीक अक्षरात ‘फक्त नागपूर न्यायालयाच्या अधीन’.

ग्राहकराजा

अहो, खामगावचा ग्राहक बुलडाण्याच्या आयोगात जाईल, तुमच्या ओळीला कोण विचारतंय!

बर्फीवाला_इतवारी

माहितीये. छापखानेवाल्याने विचारलं काय लिहू, तोंडातून निघून गेलं.